नुसतं नाव

“मावशी, हे काय आहे?”

“छत्री.”

“आणि हे?”

“कुलूप.”

“हे?”

“बैल. पण काढणाऱ्यानं बैल लांबूनच बघितलाय. वेसण नाही आणि शिंगं म्हशीची.”

“फक्त नाव सांगा, मावशी.”

“बैल.”

मी कुशीवर पडले होते. डोकं लोखंडी पकडीत आवळलेलं, वर हिरव्या कापडाचा तंबू. तंबूत माझ्या तोंडासमोर शर्वरी नावाची मुलगी स्टुलावर बसून एकेक चित्र दाखवत होती. तंबूच्या पलीकडे डॉक्टर देवस्थळी माझ्या कवटीचं झाकण काढून आत काम करत होते. दुखत नव्हतं. वरची कातडी बधीर केलेली होती, आणि मेंदूला म्हणे सगळ्या अंगाचं दुखणं कळतं, स्वतःचं तेवढं कळत नाही. माझ्या नणंदेलाही सगळ्या गावाचे दोष कळतात, त्यामुळे मला या गोष्टीचं फारसं नवल वाटलं नाही.

याला पंचवीसेक वर्षं झाली. बार्शीत आमचं बांगड्यांचं दुकान. आम्ही जातीनं कासार. मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे आणि बांगड्या मी भरायची. लिहिता-वाचता मला येत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं, कारण कासारणीचं सगळं काम तोंडावर चालतं. बांगडी हाताच्या मापापेक्षा लहानच भरावी लागते, नाहीतर कोपरापर्यंत घसरते. ती चढवताना बाईचा हात दाबावा लागतो, आणि दुखलं की बाई हात ताठ करते. मग बांगडी फुटते. म्हणून तिला बोलत ठेवायचं. माहेर कुठलं, सासू कशी आहे, जाऊ वेगळी निघाली का. सासूचा विषय निघाला की हात लोण्यासारखा सैल पडतो.

नवरीचा चुडा भरताना माझा एक कायदा होता. शेवटची बांगडी मी हातात धरून बसायची. नवरीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय भरायची नाही. मुली लाजायच्या, रडायच्या, आईच्या पदरात तोंड लपवायच्या. मी हलायची नाही. येत नसेल तर उखाणाही मीच जुळवून द्यायची, आणि एकीला दिलेला दुसरीला कधी दिला नाही. त्यासाठी लांबलांबून लोक यायचे. माझी मान तेव्हा बरीच ताठ होती. पुढे ती लोखंडी पकडीत बसायची होती, हे कुणाला माहीत होतं.

सुरुवात अशी झाली. एका गिऱ्हाइकाला ‘हिरव्या दाखवू का’ म्हणायचं तर माझ्या तोंडातून ‘खिडक्या दाखवू का’ आलं. बाई हसली, मीही हसले. मग असं वरचेवर व्हायला लागलं. एकदा बांगडी भरता भरता माझा उजवा हात वेडावाकडा उडायला लागला आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा निम्मी गल्ली दुकानात होती आणि प्रत्येकाकडे औषध होतं. एकानं नाकाला कांदा लावला होता, एकानं चप्पल. माझ्या नणंदेनं, म्हणजे समोरच राहणाऱ्या गोदावरी वन्संनी, पलीकडच्या गल्लीतल्या कासारानं करणी केल्याचं तिथल्या तिथे शोधून काढलं. डोक्याचा फोटो काढून घ्यायला मात्र पुण्याला जावं लागलं. करणीचा फोटो येत नाही, गाठीचा आला.

डॉक्टर देवस्थळींनी तो फोटो दिव्यासमोर धरला. उंच, सावकाश बोलणारे, माझ्याच वयाचे गृहस्थ.

“गाठ हळू वाढणारी दिसते,” ते म्हणाले. “पण बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. तुम्हाला झोपवून काढली, तर गाठीबरोबर बोलणंही काढलं की काय, ते मला कळणार नाही. म्हणून तुम्हाला जागं ठेवायचं आणि बोलतं ठेवायचं. मी बारीक करंट लावून एकेक जागा तपासणार. बोलणं थांबलं की समजायचं, ही जागा बोलण्याची. तिथे चिठ्ठी ठेवायची आणि हात लावायचा नाही. बोलणं चालू राहिलं तर तिथलं काढायचं.”

“आणि चिठ्ठीखाली गाठ राहिली तर?” मालकांनी विचारलं.

“राहील ती पुन्हा वाढेल.”

मालकांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “हिचं बोलणं पुष्कळ आहे, डॉक्टर. थोडं गेलं तरी घराला पुरेल. गाठ सगळी काढा.”

डॉक्टर हसले. मी हसले नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं चारचौघांत केलेला हा पहिला विनोद, आणि तोही माझ्या मेंदूवर.

आदल्या दिवशी शर्वरी माझ्या खाटेपाशी येऊन बसली. लोकांचं गेलेलं बोलणं परत आणायचं हे तिचं काम. तिच्याकडे चित्रांचा गठ्ठा होता. मला जी ओळखता येतील तेवढीच ती उद्यासाठी ठेवणार होती.

“हे काय?”

“पेटी असावी. पण पाय आहेत.”

“पियानो म्हणतात त्याला.”

“तुमच्या घरी आहे?”

“नाही.”

“मग मला कशाला विचारता?”

तिनं पियानो काढून टाकला. पोटाच्या पिशवीत पिल्लू घातलेलं एक जनावर काढून टाकलं. बर्फात घसरत जाणारा माणूस काढून टाकला. होता होता गठ्ठा निम्मा झाला. “चित्रं कमी पडली तर मी असंच काहीतरी विचारीन,” ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“अमेय, तू दूध तापवलंस का? मग मांजरानं प्यायलं असणार. नाही अमेय, मी नाही येऊ शकत. तूच आण.”

मी विचारलं, “भाऊ का?”

“नवरा.”

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला, कारण चेहऱ्यावर काय उमटलं असेल याची मला खात्री नव्हती. नवऱ्याला नावानं हाक, त्यात अरे-तुरे, आणि वर दूधही त्यानंच आणायचं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते ती उखाण्यात, तेही लग्नात किंवा हळदीकुंकवाला. नुसतं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं मला माझ्या आईनं सांगितलं होतं. ही पोर एका फोनमध्ये दोनदा घेऊन मोकळी झाली. मला त्या अमेयची काळजी वाटली.

तर आता तंबूत. चित्रं संपत आली होती. पलीकडून डॉक्टर मधूनमधून “पुढे” म्हणायचे. दोन-तीन वेळा खरोखरच माझा शब्द मधेच बंद पडला होता. तोंड उघडं, जीभ जागेवर, पण आत कुणीतरी कडी लावल्यासारखं झालं. “इथे चिठ्ठी,” असं डॉक्टर म्हणाले की शब्द परत यायचा. ते झालं की भीती वाटायची, पण शर्वरी लगेच पुढचं विचारायची.

“मावशी, माहेर कुठलं?”

“करमाळा.”

“सासू कशी होती?”

मला हसू आलं. माझीच विद्या माझ्यावर चालवत होती. “चांगली होती,” मी म्हणाले, “मेल्यापासून.”

“आणि यजमानांचं नाव काय?”

मी थांबले.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना, की आमच्यात नाव घेत नाहीत. पण मला ते सुचलंच नाही. मला वाटलं, पोर मराठी आहे, लग्न झालेली आहे, तिला उखाणाच हवा असणार. शिवाय आजूबाजूला एवढे डॉक्टर, नर्सा. बार्शीची कासारीण म्हणून माझी काही अब्रू होती. जुना, कुणाला दिलेला उखाणा कसा चालेल. मी नवा जुळवायला घेतला. प्रसंगाला धरून शेवटी ‘गाठ’ आणायची ठरवली. मग जोडीला काय? ताट. चांदीचं ताट सगळ्याच नवऱ्या घेतात. पाट. पाटाचा इथे काय संबंध? घाट. पुण्याला येताना घाट कुठे लागला?

“मावशी? यजमानांचं नाव?”

मी ओठातल्या ओठात ताट, पाट, घाट करत होते.

“सर,” शर्वरीचा आवाज बदलला. “उत्तर नाही. ओठ हलताहेत, आवाज येत नाही.”

“करंट काढलाय. अजूनही नाही?”

“नाही, सर.”

“म्हणजे ही जागा फारच नाजूक आहे. इथे चिठ्ठी ठेवा.” मग दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, “वाईट झालं. गाठीचा मोठा भाग याच्याच खाली आहे. तो ठेवावा लागणार. बंद करायच्या तयारीला लागा.”

हे मी सगळं ऐकत होते. कवटी उघडी होती, कान कुणी बंद केले नव्हते. राहील ती पुन्हा वाढेल, हेही मला पाठ होतं. आणि नेमका त्याच वेळी उखाणा जमला. मी जेवढा मोठा निघेल तेवढा आवाज काढून म्हणाले:

“कवटीचं झाकण काढून डॉक्टर पाहतात वाट,
अमुकरावांचं नाव घेते, आता उचला ती गाठ.”

अमुकरावांच्या जागी मी नाव घेतलं. इथे लिहीत नाही, कारण तुम्ही डॉक्टर नाही.

मग एक नर्स फिसकन हसली आणि शर्वरीनं कपाळाला हात लावला.

“कुणी हसू नका, माझा हात हलतोय,” डॉक्टर म्हणाले. “बाई, तुम्ही इतका वेळ बोलत का नव्हता?”

“जुळवत होते.”

“काय?”

“उखाणा. नाव असं नुसतं घेत नसतात.”

“मी इथे चिठ्ठी लावली, बाई. तुमच्या उखाण्यावर.”

“मग काढा ती.”

“अशी नाही काढता येत. पुन्हा करंट देऊन बघायला पाहिजे. शर्वरी तोच प्रश्न विचारेल. उखाणा नको. नुसतं नाव, आणि लगेच.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“दुसरं काहीही विचारा. कुलूप दाखवा, बैल दाखवा. नणंदेचं नाव विचारा.”

“जिथे अडलात तिथेच तपासणार,” ते म्हणाले. आवाज सावकाशच होता, पण त्यात चेष्टा नव्हती. “तुम्ही गप्प बसलात, तर करंटनं बंद पडलात की लाजेनं, ते मला बाहेरून कसं कळणार? आणि नाही कळलं तर मी कापणार नाही.”

मी एवढ्या नवऱ्या मुलींचे हात धरून बसले होते. लाजतेस काय, घे की नाव, म्हणून त्यांना रडवलं होतं. आता माझी शेवटची बांगडी दुसऱ्याच्या हातात होती.

“डॉक्टर, नुसतं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.”

“बाहेर बसलेत ते. सकाळी बघितलं मी त्यांना. टणक आहेत. थोडं कमी झालं तरी पुरेल.”

म्हणजे त्यांनी मालकांचाच विनोद मालकांवर उलटवला होता. मला बरं वाटलं. मी डोळे मिटले.

“मावशी,” शर्वरी हळूच म्हणाली, “यजमानांचं नाव?”

मी घेतलं.

“पुन्हा.”

पुन्हा घेतलं.

“बोलत राहा, थांबू नका.”

ना राव, ना अहो, ना कवटी, ना वाट. नुसतं, भाजीवाल्याला हाक मारावी तसं. पहिल्यांदा घेताना जीभ जड झाली. मग सरावली. पुढे पुढे तर, खरं सांगते, मजा वाटायला लागली. संसारभर गिळलेलं सगळं व्याजासकट बाहेर पडत होतं.

“चिठ्ठी काढा,” डॉक्टर म्हणाले. “ही जागा बोलण्याची नाही. चालू करू या.”

त्यानंतरही कितीतरी वेळ त्यांचं काम चाललं होतं आणि माझं नामस्मरण. देवाचं एवढं केलं असतं तर दुखणंच आलं नसतं, असं नंतर वन्सं म्हणाल्या. शेवटी मी थकले, शब्द अडखळायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “बास. आता थांबायचं. निघायची ती निघाली.”

दुसऱ्या दिवशी मालक मला बघायला आत आले. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, वर स्वतःची टोपी.

“काय पाहिजे?” त्यांनी विचारलं.

मला पाणी हवं होतं. मी पाणी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचं नाव बाहेर आलं.

त्यांनी दचकून मागे बघितलं. त्यांना वाटलं, दुसरंच कुणीतरी हाक मारतंय. मग माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा पाणी मागितलं. पुन्हा नाव.

“हळू,” ते म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. “लोक आहेत.”

त्यांनी मला आधी चादर दिली, मग थुंकायचं भांडं, मग चष्मा, जो त्यांचाच होता. मी दर वेळी मान हलवून तेच म्हणत होते आणि ते दर वेळी अधिक लाल होत होते. पाणी शर्वरीनं दिलं. मेंदूला सूज आहे, ती म्हणाली, असं होतं कधीकधी. सगळे शब्द जातात आणि एखादाच राहतो. तोच का, ते कुणालाच ठाऊक नाही. बाकीचे परत येतील का? बहुतेक येतील. बहुतेक म्हणजे काय, ते मला विचारायचं होतं. मी विचारलं. नावच आलं.

बार्शीला परतलो ते असे. माझ्याजवळ जगातला एकच शब्द, आणि तो नेमका न घेण्यातला. दिवस उजाडल्यापासून घरात तोच. भात लागतोय, पोतेरं कुठाय, दार लावा, पाय दुखतोय, सगळं त्याच्यातच. आणि खरी पंचाईत अशी, की प्रत्येक वेळी मालक उठून यायचे. नावानं हाक मारल्यावर माणूस न येऊन करतो काय? पूर्वी मी ‘अहो’ म्हटलं की पेपराचं पान उलटल्याचा आवाज यायचा.

गोदावरी वन्सं खास बघायला आल्या. मी त्यांना ‘बसा’ म्हटलं, अर्थात त्याच शब्दात.

“अगं बाई वहिनी, घरी-दारी दादाचं नाव,” त्या म्हणाल्या. “त्याच्या जिवावर उठलीयस की काय?”

मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. मी फार आवाज चढवून सांगितलंही. पण शिव्या जरी असल्या, तरी ऐकणाऱ्याला नुसतं नवऱ्याचं नाव ऐकू येत होतं. मालक आतून आले आणि बहिणीला म्हणाले, “तुला चहा घ्यायचा तर घे. माझ्या जिवाचं मी बघतो.”

मी घाबरले होते, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मुक्या कासारणीकडे हात कोण देणार? दुकानात एक चुडा आला तेव्हा मी मागे मागेच राहिले. पण नवरीची आई माझं जुनं गिऱ्हाईक, तिनं ओढून बसवलं. मी गप्प राहून भरत गेले. पोरगी हात ताठ करत होती, दोन बांगड्या फुटल्या. शेवटची हातात धरून मी थांबले आणि सवयीनं ‘घे नाव’ म्हणून गेले. तोंडातून काय आलं ते सांगायला नको. दुकानभर बायका बसल्या होत्या. असा हशा झाला की नवरी पोट धरून हसायला लागली. “मावशींनी नुसतं घेतलं, मग मी कशाला लाजू,” म्हणाली आणि तिनंही नुसतंच घेतलं. हात लोण्यासारखा सैल पडला. गल्ल्यावरचा पेपर तेवढा थरथरत होता, आणि तो उलटा धरलेला होता.

शर्वरीनं सांगितलं होतं, चित्र आणि अक्षर एकत्र दाखवा, अक्षराच्या वाटेनं शब्द लवकर येतो. मालकांनी पाटी आणली. या वयात नवऱ्याकडून मुळाक्षरं शिकायची वेळ आली. मास्तर म्हणून ते भयंकर होते.

“अ अननसाचा. म्हण.”

मी त्यांचं नाव घेतलं.

“ते आलंय तुला. पुढचं म्हण.”

आमच्या घरात अननस कधी आला नव्हता. त्यांनी तो पाटीवर काढला तेव्हा तो गोदावरी वन्संसारखा दिसत होता. मी बोट दाखवून हसले, आणि हसता हसता माझ्या तोंडून पहिला नवा शब्द निघाला. “वन्सं.” मालक इतके हसले की पाटी खाली पडली. मग ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतर शब्द येत गेले. पाणी आलं, मीठ आलं, हिरव्या आल्या, खिडक्याही आल्या, आपापल्या जागी. मी वाचायला लागले, लिहायलाही लागले. गाठ परत आली नाही. दर तपासणीला डॉक्टर देवस्थळी फोटो बघायचे आणि म्हणायचे, “उखाणा ऐकवा, मग सांगतो.”

आणि ‘अहो’ परत आलं. ते आल्यावर नाव घ्यायचं काही कारण उरलं नाही, म्हणून मी थांबले. बाईच्या जातीला शोभेल असं वागायला लागले.

त्याच सुमाराला मालकांना ऐकू येईनासं झालं.

“अहो,” म्हणावं, तर उत्तर नाही. “अहो, ऐकलंत का,” तरी नाही. मी सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, दोन्ही कान ठणठणीत आहेत. मालकांनी ते काही ऐकलं नाही. गल्ल्यावर गिऱ्हाईक कुजबुजलं तरी त्यांना कळायचं, शेजारच्या घरातली भांडणं तर शब्दन् शब्द कळायची. बहिरेपणा होता तो फक्त माझ्यापुरता.

अजूनही आहे. ऐंशी ओलांडली त्यांनी. मी त्यांचं एवढं नाव घेतलंय, की आईच्या हिशेबानं ते पुण्यातच संपायला हवे होते. रोज दुपारी ते ओट्यावर पेपर घेऊन बसतात. मी स्वयंपाकघरातून अहो म्हणते. मग ऐकलंत का म्हणते. पान उलटल्याचा आवाज येतो. मग मी दारापर्यंत जाते, गल्लीत कुणी नाही ना, वन्संची खिडकी बंद आहे ना, ते बघते, आणि अगदी हळू, मांजरालासुद्धा ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणते,

“सोपान.”

“काय गं?”

“चहा निवतोय.”